पेशीतला सामू मोजणारी सांडशी

राळेगावच्या बाजारातल्या कुठल्याही औषध दुकानासमोर अर्धा तास उभे राहिले, तर पँटोप्राझोलची निदान एक पट्टी विकली जाताना दिसतेच. लोक तिला ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणतात. ही गोळी पोटात जाऊन तिथले ॲसिड शोषून घेते, चुना टाकल्यासारखे ते मारून टाकते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती जठरात विरघळू नये म्हणून तिच्यावर मुद्दाम लेप दिलेला असतो. ती पुढे आतड्यात विरघळते, रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सगळ्या शरीरभर हिंडते. मेंदूतून जाते, गुडघ्यातून जाते, कुठेही काही करत नाही. शेवटी ती जठराच्या भिंतीतल्या ॲसिड तयार करणाऱ्या पेशींपाशी पोहोचते. त्या पेशींच्या बारीक नळ्यांत शरीरातले सर्वांत तीव्र ॲसिड असते. तिथे आल्यावरच या औषधाचा रेणू आपले रूप बदलतो, जागा होतो आणि ॲसिड उपसणाऱ्या पंपाला चिकटून तो बंद पाडतो. पंप जेवणाच्या वेळी सुरू होतात, म्हणून डॉक्टर ‘जेवणाआधी अर्धा तास घ्या’ असे सांगतात. जेवल्यावर ढेकर देत गोळी घेणाऱ्याला निम्माच फायदा होतो, तो यामुळेच.

आजूबाजूची रासायनिक परिस्थिती पाहून रूप बदलणारा रेणू ही काही परग्रहावरची कल्पना नाही. ती रोज सकाळी हजारो घरांत पाण्याबरोबर गिळली जाते. नवीन आहे ते वेगळेच. असे रेणू नशिबाने सापडण्याची वाट न पाहता, हवे तसे आखून आणि हवे तसे बांधून काढता येऊ लागले आहेत. त्यासाठी वापरलेले साहित्य म्हणजे डीएनए. या विद्येचा एक महत्त्वाचा धडा परदेशात नव्हे, बंगळुरूत लिहिला गेला. आणि तो लिहिणारी संस्था मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे अपत्य आहे.

मूळ मुद्द्याकडे जाण्याआधी सामू या शब्दाशी थोडे थांबावे लागेल. शहरातल्या वाचकाला कदाचित ‘पीएच’ ठाऊक असेल. पण राळेगाव तालुक्यातल्या कापूस उत्पादकाला ‘सामू’ जास्त जवळचा आहे, कारण तो मृदा आरोग्य पत्रिकेवर छापलेला असतो. सात म्हणजे ना आम्ल ना विम्ल. सातच्या खाली आम्ल, वर विम्ल. विदर्भातल्या काळ्या जमिनीचा सामू साधारण साडेसात ते साडेआठ असतो आणि तो बिघडला की जस्त, लोह जमिनीत असूनही पिकाला मिळत नाही. एक आकडा खाली सरकला की आम्लता दहापट वाढते, हे मात्र पत्रिकेवर लिहिलेले नसते.

शरीरातही असेच आहे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अगदी अरुंद पट्ट्यात राहतो. त्यातून तो जरा बाहेर गेला की माणूस अतिदक्षता विभागात. पण पेशीच्या आत गेले की एकाच वावरात दहा प्रकारची माती असावी तशी अवस्था असते. पेशीने बाहेरून काही गिळले की ते एका बारीक पिशवीत बंद होते. सुरुवातीला त्या पिशवीचा सामू सहाच्या आसपास असतो, पुढे साडेपाचपर्यंत उतरतो आणि शेवटी ती पिशवी लायसोसोममध्ये मिसळते. तिथला सामू साडेचार ते पाच. म्हणजे रक्ताच्या तुलनेत शेकडो पट आम्ल. लायसोसोम हे पेशीचे उकिरडा-कम-खतखाना आहे. जुने भाग, गिळलेले जंतू, निकामी प्रथिने तिथे कुजवून पुन्हा कामाला लावली जातात. ख्रिश्चन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये लायसोसोमचा शोध लावला आणि १९७४ चे नोबेल मिळवले. पण जिवंत पेशीत, त्या इवल्याशा पिशवीत, या घटकेला सामू किती आहे, हे नेमके मोजायचे कसे? तिथे मातीसारखा नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवता येत नाही.

आता डीएनए. शाळेत शिकवलेला डीएनए म्हणजे आनुवंशिक माहितीची पोथी. पण अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ नेड सीमन यांनी १९८२ मध्ये त्याकडे गवंड्याच्या नजरेने पाहिले. ए हा टी शी जुळतो, जी हा सी शी जुळतो. हा नियम इतका पक्का आहे की अक्षरांचा क्रम ठरवला की कोणता धागा कुठे जाऊन चिकटेल हे आधीच सांगता येते. मग माहिती साठवण्याऐवजी त्याच्यापासून चौकटी, खोकी, बिजागऱ्या का बांधू नयेत? २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल रॉथमंड यांनी एका विषाणूचा सुमारे सात हजार अक्षरांचा लांब धागा घेतला, दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी तो जागोजागी टाके घालावेत तसा शिवला आणि त्याचा हसरा चेहरा बनवला. त्याची रुंदी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. घडी घालण्याच्या जपानी कलेवरून या तंत्राला डीएनए ओरिगामी म्हणतात. हसरा चेहरा जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणी फारसे विचारले नाही, आणि ते बरेच झाले.

त्याआधी, १९९३ मध्ये, फ्रान्समधल्या संशोधकांना एक विचित्र घडी सापडली होती. डीएनएच्या धाग्यात सी हे अक्षर ओळीने बरेच असेल आणि भोवतालचे पाणी आम्ल असेल, तर सी ला एक प्रोटॉन चिकटतो आणि मग एक सी दुसऱ्या सी शीच जोडी जमवतो. अशा चार पदरांची एकमेकांत गुंतलेली घडी तयार होते. तिला आय-मोटिफ म्हणतात. आम्लता गेली की प्रोटॉन सुटतो आणि घडी उलगडते. कित्येक वर्षे ही गोष्ट म्हणजे परीक्षानळीतली एक गंमत होती. माणसाच्या पेशीत अशी घडी खरोखर असते, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात यमुना कृष्णन यांनी ही गंमत कामाला लावली. मूळच्या केरळच्या, शिक्षण चेन्नई आणि बंगळुरूत, काही वर्षे केंब्रिजला, आणि २००५ पासून बंगळुरूत स्वतःची प्रयोगशाळा. सौविक मोदी, सत्यजित मेयर आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी २००९ मध्ये ‘आय-स्विच’ जगापुढे ठेवला. त्याची रचना समजायला स्वयंपाकघरातली सांडशी पुरेशी आहे. डीएनएचे दोन ताठ दांडे, मध्ये बिजागरी, आणि दोन्ही दांड्यांच्या टोकाला सी अक्षरांची शेपटी. भोवती आम्लता नसेल तर सांडशी उघडी. आम्लता वाढली की शेपट्या एकमेकींत गुंततात आणि सांडशी मिटते. एका टोकाला हिरवा प्रकाश देणारा रंग, दुसऱ्याला तांबडा. सांडशी उघडी असताना हिरवा चमकतो. मिटली की हिरव्याची ऊर्जा शेजारी आलेल्या तांबड्याला मिळते आणि तांबडा चमकतो. सूक्ष्मदर्शकातून दोन रंगांचे गुणोत्तर मोजले की त्या ठिकाणचा सामू कळतो. दोन रंगांचे गुणोत्तर घेण्यात खरी हुशारी आहे. पेशीत सांडश्या शंभर गेल्या की हजार, याने उत्तर बदलत नाही.

ही सांडशी पेशीत ढकलावी लागली नाही. शरीरातल्या भक्षक पेशींना, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींना, बाहेर दिसणारा ऋणभारित कचरा उचलायची सवयच असते, आणि डीएनए ऋणभारित असतो. त्यांनी तो आपणहून गिळला. पहिले प्रयोग फळमाशीच्या अशाच पेशींत झाले. गिळलेली पिशवी आत आत जाताना तिचा सामू मिनिटामिनिटाला कसा उतरतो याचा नकाशाच हाती आला. २०११ मध्ये याच प्रयोगशाळेने ती सांडशी जिवंत सूत्रकृमीच्या शरीरात चालवून दाखवली. पुढे एकाच पेशीत दोन वेगवेगळ्या वाटांवर दोन वेगळ्या सांडश्या एकाच वेळी पाठवण्यापर्यंत मजल गेली. कृष्णन यांना २०१३ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०१४ मध्ये त्या शिकागो विद्यापीठात गेल्या. त्यावर ‘हुशार माणसे देशाबाहेर जातात’ असा उसासा टाकायची आपल्याकडे रीत आहे. तो उसासा टाकण्याआधी हे लक्षात घ्यावे की तोंडावर आपटण्याची पूर्ण शक्यता असलेल्या, कसलाही तात्काळ उपयोग सांगता न येणाऱ्या कल्पनेला याच देशातल्या सरकारी संस्थेने जागा आणि पैसा दिला होता. असे किती ठिकाणी होते, हा प्रश्न उसाशापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

सामूवरच काम थांबले नाही. क्लोराइड मोजणारे डीएनएचे यंत्र आले, नंतर कॅल्शियम मोजणारे आले. क्लोराइडच्या यंत्राने एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. लायसोसोममध्ये क्लोराइडचे प्रमाण फार असते, आणि गौशे किंवा नीमन-पिक यांसारख्या साठवणीच्या आजारांच्या प्रयोगशाळेतल्या प्रारूपांत ते उतरलेले असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने सगळे लक्ष सामूवर लावून बसलेल्यांना दुसऱ्या दारातून आत नेले. या आजारांत लायसोसोमचे एखादे एन्झाइम जन्मतःच कमी असते, कचरा कुजत नाही, साठत जातो, आणि मुलाची पानथरी पोटभर वाढते.

इथे तालुक्याच्या रुग्णालयातल्या बाह्यरुग्ण विभागाचा विचार करावा. पानथरी वाढलेले, रक्त कमी असलेले मूल समोर आले की डॉक्टरच्या मनात आधी मलेरिया येतो, मग सिकलसेल, मग थॅलेसेमिया. तेच बरोबर आहे; कारण यवतमाळात तेच जास्त आढळते. गौशेचे मूल या रांगेत वर्षानुवर्षे मागे उभे राहते. निदान झाले तरी एन्झाइमचे इंजेक्शन आयुष्यभर घ्यायचे आणि त्याचा खर्च ऐकून शेतकरी बापाचा चेहरा पांढरा पडतो. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली निवडक केंद्रांत, जसे मुंबईच्या केईएम रुग्णालयात, ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. एका मुलाच्या काही वर्षांच्या उपचाराला तेवढे पुरते, आयुष्याला नाही. अशा वेळी कोणत्या मुलाला औषध लागू पडते आहे, किती मात्रेत, हे पेशीच्या आत पाहून सांगणारे मापन मिळाले तर ते नुसते शास्त्रज्ञांचे खेळणे राहणार नाही.

पण बातम्यांत मापन येत नाही. बातम्यांत ‘नॅनो रोबो’ येतो.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी डीएनएची एक पिंपासारखी डबी बनवली. तिला दोन कुलपे होती. पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक खुणा दिसल्या तरच डबी उघडायची. २०१८ मध्ये चीनमधल्या गटाने गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत पोहोचून रक्त गोठवणारी डीएनएची गुंडाळी उंदरांत वापरली. २०२४ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने सामू ओळखणारे डीएनएचे यंत्र केले. त्याच्या पोटात सहा आखूड प्रथिनांचे षटकोनी शस्त्र लपवलेले. सामू ७.४ असताना ते झाकलेले राहते, ६.५ ला उघडते आणि पेशीला मरणाचा निरोप देते. कर्करोगाच्या गाठीभोवती लॅक्टिक ॲसिड साठून आम्लता वाढलेली असते, म्हणून ही कल्पना. स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांत गाठीची वाढ ७० टक्क्यांपर्यंत कमी झाली.

काम उत्तम आहे. शंका त्याच्या बातमीबद्दल आहे. ‘फक्त कर्करोगाच्या पेशी मारणारा रोबो’ हे वाक्य वाचले की ज्याने कधी पिकलेले गळू कापले आहे त्या डॉक्टरला एक गोष्ट आठवायला हवी. गळवाच्या जागी भूल देणारे लिग्नोकेनचे इंजेक्शन नीट चालत नाही. का? कारण पू झालेल्या जागेत सामू उतरलेला असतो आणि आम्ल जागेत लिग्नोकेनचा रेणू मज्जातंतूत शिरू शकत नाही. म्हणजे आम्लता ही काही कर्करोगाची मक्तेदारी नव्हे. गळू आम्ल असते. रक्तपुरवठा तुटलेला पाय आम्ल असतो. दिवसभर फवारणीचा पंप पाठीवर घेऊन वावरात चाललेल्या माणसाच्या पोटऱ्याही संध्याकाळी काही काळ आम्ल असतात. मधुमेहाने बिघडलेला रुग्ण तर सगळाच आम्ल असतो. एकाच खुणेवर उघडणारे कुलूप चोरालाही उघडते. म्हणून पुढची यंत्रे दोन-तीन खुणा एकत्र तपासणारी असावी लागतील, आणि शास्त्रज्ञ त्या दिशेने जातही आहेत. शिवाय रक्तात डीएनए कातरणारी एन्झाइमे हजर असतात. संरक्षण दिले नाही तर असे यंत्र फार टिकत नाही. यकृत आणि पानथरी ते उचलून नेतात. परका डीएनए म्हणजे जंतू आला असे समजून प्रतिकारशक्ती भडकू शकते. डीएनए ओरिगामीचे एकही औषध आज माणसांसाठी मंजूर नाही.

हे ठासून सांगायचे कारण आहे. ‘नॅनो’ हा शब्द आता प्रयोगशाळेत राहिलेला नाही. तो पावडरींच्या डब्यांवर, थेंबांच्या बाटल्यांवर आणि मोबाइलवर येणाऱ्या चित्रफितींत आहे. टाटा मेमोरियलपर्यंत जायचे की नाही, याचा निर्णय घेणारे कुटुंब अशा चित्रफितीत अडकले की दोन-तीन महिने जातात. कर्करोगात दोन-तीन महिने म्हणजे कधी कधी सगळेच. पत्रकारांनी ‘उंदरांत’ हा शब्द मथळ्यात घातला, तर बातमीची काहीच हानी होणार नाही.

मग या विद्येचा राळेगावला काय उपयोग? उत्तर थोडे चकित करणारे आहे. डीएनएचा आकार बदलून उत्तर देणारे यंत्र जिल्ह्याजिल्ह्यात कधीच पोहोचले आहे. क्षयरोगाची शंका असलेल्या माणसाचा बेडका ‘सीबीनॅट’ला पाठवतात, त्या यंत्राच्या पोटात तेच आहे.

१९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी डीएनएची केसाच्या आकड्यासारखी वाकलेली एक रचना केली. आकड्याच्या एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला तो विझवणारा. आकडा मिटलेला असेपर्यंत अंधार. आकड्याच्या वळणातल्या अक्षरांशी जुळणारा जंतूचा डीएनए भेटला की आकडा सरळ होतो, टोके लांब जातात आणि दिवा लागतो. सांडशी सामूला प्रतिसाद देते, आकडा अक्षरांना. पण घडी बदलली की प्रकाश बदलतो, हे तत्त्व एकच. सीबीनॅटच्या पहिल्या चाचणीत असे पाच रंगांचे पाच आकडे क्षयरोगाच्या जंतूच्या एका ८१ अक्षरी तुकड्यावर बसवले होते. पाचही दिवे लागले तर जंतू आहे आणि रिफाम्पिसिन हे औषध चालेल. एखादा दिवा लागला नाही तर तिथले अक्षर बदललेले, म्हणजे औषधाला दाद न देणारा क्षयरोग. दोन तासांच्या आत. पूर्वी हेच उत्तर जंतू वाढवून मिळवायला आठवडे, कधी महिने लागत, आणि तोवर रुग्ण न लागू पडणाऱ्या गोळ्या खात घरातल्या सगळ्यांना जंतू वाटत राही.

१९९६ चा शोध, जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता डिसेंबर २०१० मध्ये. त्यानंतर किमतीची लढाई. कार्ट्रिज सुरुवातीला १६.८६ डॉलरला होते, २०१२ मध्ये ते ९.९८ वर आले, आणि रुग्णसंघटनांनी वर्षानुवर्षे धरणे धरल्यासारखा तगादा लावल्यावर २०२३ मध्ये ७.९७ वर. गोव्याच्या मोलबायो कंपनीने बॅटरीवर चालणारे ‘ट्रूनॅट’ काढले, त्यात दिवा लावायची पद्धत वेगळी आहे. त्याला २०२० मध्ये मान्यता मिळाली. डीएनएच्या घडीपासून रुग्णाच्या हातातल्या कागदापर्यंतचा रस्ता असा आहे. तो विज्ञानाने जेवढा कापला, तेवढाच वीज, वाहतूक, तंत्रज्ञाची नेमणूक आणि किमतीची घासाघीस यांनी कापला. सांडशीला याच रस्त्याने यायचे आहे आणि ती अजून गावाच्या वेशीबाहेर आहे.

ती इथे यावी असे वाटण्याचे कारणही क्षयरोगच आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात. क्षयरोगाचा जंतू राहतो कुठे, तर ज्या भक्षक पेशींनी त्याला मारायचे त्यांच्याच पोटात. गिळलेल्या जंतूची पिशवी एरवी आम्ल होत होत लायसोसोमला मिळते आणि जंतू कुजतो. हा जंतू ती वाट अडवतो. पिशवीचा सामू ६.२ ते ६.४ च्या आसपास थांबवून ठेवतो आणि आरामात संसार करतो. दुसरीकडे, क्षयरोगाच्या उपचारात पहिले दोन महिने ज्या चार औषधांची एकत्र गोळी देतात, त्यातले पायराझिनामाइड हे औषध आम्ल जागीच नीट चालते. परीक्षानळीत सामू साडेपाचच्या आसपास असेल तर ते जंतू मारते, सातला जवळपास काहीच करत नाही. याच औषधाने सांधे दुखतात, युरिक ॲसिड वाढते आणि मजुरीला जाणारा रुग्ण ‘गोळ्यांनी हातपाय धरले’ म्हणून औषध सोडायच्या बेतात येतो.

तेव्हा हे औषध कोणत्या पेशीत, कोणत्या पिशवीत, किती आम्ल जागी पोहोचते, आणि ती जागा कोणाकोणात वेगळी असते, मधुमेह असलेल्यात, कुपोषित असलेल्यात, याचे मोजमाप हे केवळ कुतूहल नाही. आणि डीएनएची सांडशी आपणहून गिळणारी पेशी नेमकी कोणती, तर तीच भक्षक पेशी. जंतूचे घर आणि मोजपट्टीचे घर एकच आहे. अमेरिकी किंवा युरोपीय प्रयोगशाळा हा प्रश्न आपला म्हणून कवटाळणार नाहीत. त्यांच्याकडे क्षयरोग आपल्या तुलनेत नगण्य आहे. नागपूर, पुणे, मुंबईतल्या प्रयोगशाळांनी आणि त्यांना पैसे देणाऱ्या खात्यांनी तो कवटाळला पाहिजे, आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी रुग्णांचे नमुने रीतसर संमती घेऊन त्यांच्याशी जोडून दिले पाहिजेत. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येणारे रुग्ण हे संशोधनातले नुसते ‘नमुने पुरवणारे’ राहू नयेत, एवढी अट मात्र घालून.

सिकलसेलचा उल्लेख वर येऊन गेला. परिस्थिती पाहून रूप बदलणाऱ्या रेणूचे याहून क्रूर उदाहरण नाही. हिमोग्लोबिनच्या आराखड्यात डीएनएचे एकच अक्षर बदललेले. ऑक्सिजन भरपूर असेपर्यंत तो रेणू सभ्य असतो. ऑक्सिजन कमी झाला, शरीरातले पाणी घटले, ताप आला, रक्त थोडे आम्ल झाले, की हे रेणू एकमेकांना चिकटून काड्या बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. शुक्ला आणि सोळंकी यांनी नागपूरकडच्या सिकलसेलची नोंद १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. गोंड, कोलाम, परधान, आणि त्यांच्याबरोबर इतर अनेक समाज आजही ते ओझे वाहतात. गावपातळीवर केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी म्हणजे नळीत मुद्दाम ऑक्सिजन काढून घेणारे रसायन टाकायचे आणि पाणी गढूळ होते का पाहायचे. ही चाचणी मूळ तत्त्वात सांडशीचीच मोठी बहीण आहे: परिस्थिती बदला, रूप बदलते का पाहा. फरक इतकाच की तिचे उत्तर डोळ्यांनी दिसते. पण ती वाहक कोण आणि आजारी कोण हे सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी लागते. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य आहे. गढूळ पाणी दिसलेल्या प्रत्येकाची पुढची तपासणी किती दिवसांत होते, हा आकडा मोहिमेच्या फलकावर सर्वांत वर असायला हवा. सध्या वर असतो तो किती तपासले याचा.

दोन टोकांचा हा विरोधाभास काहींना खटकतो. एकीकडे पेशीच्या आतल्या पिशवीचा सामू मोजणारे विज्ञान, दुसरीकडे ग्रामीण रुग्णालयात महिनाभर न आलेली चाचणीची रसायने. आधी साध्या गोष्टी पुरवा, मग नॅनोचे बोला, असे त्यांचे म्हणणे. ते ऐकायला बरे वाटते, पण १९९६ मध्ये कोणी तसेच म्हणून त्या आकड्याचा पैसा थांबवला असता, तर आज सीबीनॅट नसते. दोन्ही खर्च एकाच खिशातून होत नाहीत आणि एक थांबवल्याने दुसरा आपोआप होत नाही. उलट तक्रार करायचीच असेल तर ती मधल्या टप्प्याबद्दल करावी. शोध लागतो, कागदावर छापला जातो, आणि मग त्याचे स्वस्त, धूळ सोसणारे, कुणालाही वापरता येईल असे साधन बनवायला कोणी पुढे येत नाही. तिथे सरकारी पैसा सर्वांत कमी आणि सर्वांत अनियमित असतो.

एक अगदी साधी गोष्ट. सीबीनॅटची कार्ट्रिजे २ ते २८ अंश तापमानात ठेवावी लागतात आणि यंत्राला ३० अंशांपर्यंतची खोली लागते. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि नेमकी दुपारी वीज जाते. पुढे येणाऱ्या डीएनएच्या प्रत्येक चाचणीची खरेदी करताना निविदेत पहिली अट याच तापमानाची आणि याच विजेची असावी, आणि यंत्राची परीक्षा मुंबईच्या वातानुकूलित खोलीऐवजी मे महिन्यात राळेगावला घ्यावी. कोरडा डीएनए उन्हाळा बऱ्यापैकी सोसतो. अडचण एन्झाइमांची, विजेची आणि रिकाम्या पडलेल्या तंत्रज्ञाच्या जागेची असते.